गोदूबाईंनी मोजलेले दिवस

गोदूबाईंचा माझ्यावर विश्वास नव्हता. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. त्यांचा डॉक्टरांवर नव्हता, भिंतीवरच्या घड्याळावर नव्हता आणि सरकारातून आलेल्या कापसावर तर मुळीच नव्हता. कापसाचं नवं पुडकं फोडलं की आधी त्या ते नाकाशी धरत, मग उन्हात धरत, आणि मग माझ्याकडे असं बघत की तो कापूस मीच आदल्या रात्री आमच्या उशीतून काढून आणला असावा.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. रेवदंड्याला खाडीच्या अंगाला एक दवाखाना होता, तिथं मी कंपाउंडर होतो. म्हणजे मिक्श्चर ढवळायचं, बाटलीवर कागदाची पट्टी डकवून डोसांच्या खुणा करायच्या, आणि डॉक्टर अलिबागला गेले की डॉक्टरांसारखं खोकायचं. हे खोकणं मला चांगलं जमे. गोदूबाई नर्स होत्या. कोळीवाड्यातल्या, मुंबईला शिकून आलेल्या. पांढरं लुगडं, पण कासोटा घट्ट, कोळणीचा. अंबाड्यात अबोलीची वेणी. नवरा होता की नव्हता, होता तर कुठं गेला, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारायची छाती माझी तरी झाली नाही.

त्यांचं एक वाक्य होतं. "कुणी बगितलं?"

"बाई, सिरिंज वीस मिनिटं उकळली."

"कुणी बगितलं?"

"मी."

"तुमी तर पान लावत होता."

आणि सिरिंज पुन्हा पातेल्यात जाई. बाईमाणसांनी सांगितलेल्या तारखांवर त्यांचा सर्वांत मोठा संशय. एखादी म्हणाली, सातवा लागलाय, की त्या तिला बाकावर बसवत आणि तिथीनं, भरती-ओहोटीनं उलटतपासणी घेत. उधाणाची मोठी भरती होती का भांगाची लहान? होड्या बाहेर होत्या का काठावर? ती बाई शेवटी स्वतःच्या लग्नाविषयीही साशंक होऊन घरी जाई.

एकदा मार्गशीर्षात हिरूबाय नावाची एक कोळीण आपल्या सुनेला, जनीला, दंडाला धरून घेऊन आली. धरण्याची तऱ्हा चोर धरल्यासारखी.

"नर्सबाय, हिचा पोट बगा. चवथा हाय. नि माझा पोरगा नारली पुनवेच्या दुसऱ्या दिशी बोटीवर गेला, तो दिवाली झाली तरी आला न्हाय."

"मंग?"

"मंग काय? तो गेल्यावर दोन दिसांनी ही बाहेर बसली. माझ्या डोल्यांनी बगितला. बाहेर बसली म्हंजे पोट न्हवता. मंग हा आला कुठनं?"

साक्षीदार स्वतः बघून आलेला, त्यामुळे गोदूबाईंचं वाक्य त्या दिवशी उपयोगाचं नव्हतं. त्यांनी हिरूबायला अंगणात पाठवलं, मला औषधांच्या खोलीत पाठवलं. मी गेलो आणि दाराला कान लावला. कंपाउंडरला रोग्याची माहिती असावी लागते.

"किती दिस बसलीस?"

"दीड," जनी रडत म्हणाली.

"कापडं किती?"

"येक. ता पन अर्धा."

"रंग?"

"पानी मारल्यासारखा. गुलाबी."

"नि त्याच्या आदी खरी पाळी कवा आली?"

"आवस होऊन चार दिसांनी."

बाईंनी बोटांवर मोजलं, परत मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. मग हिरूबायला आत बोलावून त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत असं : बाईच्या पोटात महिन्यातून एकदा बीज सुटतं. पुढची पाळी यायच्या साधारण चौदा दिवस आधी, म्हणजे बहुतेकींच्या बाबतीत दोन पाळ्यांच्या ऐन मधोमध. पुष्कळ जणींना त्याचा पत्ताही लागत नाही. एखादीच्या ओटीपोटात एका बाजूला कळ येते, एखादीला थेंबभर रक्त दिसतं. ती पाळी नव्हे. मूल राहायचं असलं तर तेव्हाच राहतं. पुरुषाचं बीज दोन-तीन दिवस आत टिकतं, त्यामुळे नवरा दोन दिवस आधी बोटीवर गेला म्हणून काही बिघडत नाही.

"तुजा मुलगा गेला नि मागनं तिचं बीज सुटलं. डाग दिसला तो त्याचा," बाई म्हणाल्या. "वैशाखी पुनवेच्या आगंमागं बाळंत होईल. तवर तिच्या अंगाला हात लावलास, तर मी तुजी मासळीची पाटी खाडीत टाकीन."

पोर वैशाखी पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी झाली. हिरूबाय पापलेटं घेऊन आली, पायाबिया पडली. मी म्हणालो, "काय बाई, अचूक!" तर माझ्यावरच उखडल्या. "अचूक कसलं? पोरं काय पंचांग बगून येतात? आठ दिस उशिरा आली असती, तरी ती त्याचीच होती. मंग त्या म्हातारीनं काय केलं असतं, याचा इचार करा."

एवढं सगळं मी दाराआडून ऐकलं होतं. ऐकून मला काय कळलं? काहीच नाही. कारण तो हिरूबायच्या घरचा प्रश्न होता आणि मी शिकलेला माणूस होतो.

माझ्या घरी माझी आई, मी आणि माझी बायको सुमती. सुपारी-नारळाची छोटी वाडी, मागल्या दाराला पडवी. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. आमच्याकडे सोवळंओवळं कडक. रक्ताचा ठिपका दिसला की चार दिवस पडवीत बसायचं, ताट वेगळं, घोंगडी वेगळी, आणि नवऱ्याची सावलीसुद्धा नको. सुमतीला हे महिन्यातून दोनदा करावं लागे. अमावास्येला खरी पाळी, आणि पौर्णिमेच्या सुमाराला पुन्हा जरासा डाग. डाग एक दिवसाचा, पण शिक्षा चार दिवसांची.

"महिन्यात आठ दिवस बाहेर!" आई म्हणे. "असल्या अंगात पोर धरायचं कसं?"

जनी बाळंत झाली त्याच साली, दसरा झाल्यावर, आईनं निकालच दिला. होळीपर्यंत काही नाही झालं, तर सुमतीला श्रीवर्धनला तिच्या भावाकडे पोचवायचं. कायमचं. दुसऱ्या बायकोला कायद्यानं बंदी आली होती, पण पहिलीला माहेरी ठेवायला कुठलाच कायदा आड येत नव्हता. मी काय केलं? मी सुमतीला लोहाचं मिक्श्चर दिलं. स्वतः ढवळून.

शिवाय माझ्याकडे शास्त्र होतं. दवाखान्याच्या कपाटात वाळवीनं अर्धवट खाल्लेलं एक जुनं विलायती पुस्तक मला सापडलं होतं. त्यात म्हटलं होतं की पाळी संपल्यावर लगेचचे चार-पाच दिवस गर्भाला सर्वांत अनुकूल. एरवी पुरुषानं संयम पाळून शक्ती साठवावी. मी ते मनावर घेतलं. सुमती चौथ्या दिवशी न्हाली की चार-पाच दिवस मी अगदी कर्तव्यदक्ष. त्यानंतर संयम. संयम संपतो न संपतो तोच तिचा दुसरा डाग, आणि ती पडवीत. ती परत येई तेव्हा मी पुन्हा नवरा होई. माझी शक्ती इतकी साठली होती की कोठार कमी पडावं. पण उपयोग शून्य.

कार्तिकात एक दिवस शेजारच्या काकूंनी मला कुंपणावरून विचारलं, "काय रे दत्तू, घरी कुणी आजारी आहे का? गोदूबाई दुपारच्या येतात हल्ली. तू नसताना."

मी नसताना! त्या दिवसांत एक बोलवा उठली होती की सरकारी नर्सा बायकांना मुलं बंद करायचं औषध देतात. घरी आलो, सुमती देवळात गेली होती. मी फडताळ उचकलं. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत फडक्यात गुंडाळलेले वाल निघाले. आपले साधे कडवे वाल, पण काही कुंकवानं माखलेले, काही अर्धेच माखलेले, दोऱ्यात ओळीनं ओवलेले. चार लाल, नऊ पांढरे, एक अर्धा लाल, परत पांढरे.

मी विज्ञानाचा माणूस. माझ्या विज्ञानानं मला तत्काळ सांगितलं, ही करणी आहे. मी तो दोरा चिमट्यात धरून वाडीतल्या विहिरीत सोडून दिला, आणि तसाच पाय आपटत दवाखान्यात गेलो.

"बाई, माझ्या घरात तुम्ही काय चालवलंय?"

"कोन सांगतं?"

"वाल सापडलेत मला. कुंकवाचे."

"मंग?"

"विहिरीत टाकले."

बाईंच्या हातातली कात्री ट्रेमध्ये पडली. माझं एखादं वाक्य त्यांनी ताबडतोब खरं मानल्याचा तो पहिला प्रसंग.

"तीन महिन्यांचे दिस होते ते, कंपाउंडर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "येक वाल, येक दिस. लाल ती पाळी. अर्धा लाल तो मधला डाग. कागदावर लिवलं असतं, तर तुमी वाचलं असतं नि आईला सांगितलं असतं. म्हून वाल. तिला होळीनंतर पोचवनार ना तुमी? किती महिने उरले? त्यातले तीन आता परत मोजन्यात जानार."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "माझ्यात काही दोष नाही. मी धडधाकट आहे."

"कुणी बगितलं?" बाई म्हणाल्या, आणि एक रुंद तोंडाची छोटी बाटली त्यांनी माझ्यापुढे ठेवली. "अलिबागला जाऊन तपासून या. पाच वर्सं तिची झडती चाललीया, तुमची कुणी घेतली काय?"

ती बाटली घेऊन मी अलिबागला कसा गेलो, ते मी सांगणार नाही. हजारो बाटल्या मी आयुष्यात रोग्यांच्या हातात दिल्या. एकीनंही मला इतकं छोटं केलं नाही. अहवाल चांगला आला. बाईंनी तो तीनदा वाचला आणि उजेडात धरून सही खरी आहे का ते पाहिलं. सुमतीलाही त्यांनी अलिबागच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी म्हणालो, "आता कशाला? मधला डाग म्हणजे बीज, हे तुम्हीच सांगितलंत ना जनीला?" तर म्हणाल्या, "जनीचं ते जनीचं. मधी रक्त दिसलं म्हंजे दर वेळी बीजच, असं कोन म्हनतं? आत गाठ असंल, जखम असंल, सूज असंल. आदी ते न्हाय, हे बगू द्या." काही निघालं नाही. तेव्हाच त्यांनी मला समोर बसवून माझ्या महिन्याचा हिशेब विचारला. मी पुस्तकासकट सगळं सांगितलं.

त्यांचा चेहरा हसू येतं तसा हलला, पण हसल्या नाहीत.

"म्हंजे बीज सुटायच्या आदी तुमचं पुस्तक आडवं, नि सुटलं की तुमची आई आडवी. चांगले दिस तेवढे दोघांनी मिळून वाटून घेतले. पोर येनार कुठनं, कौलांतनं?"

वाल गेले तरी तिथी गेल्या नव्हत्या. सुमतीला तिन्ही महिने पाठ होते. "विहिरीत दोरा टाकता येतो," ती मला म्हणाली, "माझं डोकं टाकता येत नाही." पाच वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा अशी बोलली, आणि मला ते आवडलं, हे मी तिला सांगितलं नाही.

आता उपाय सोपा होता. मधला डाग दिसला तर सासूला सांगायचं नाही. मी हे सुचवलं तेव्हा गोदूबाईंनी सुमतीकडे पाहिलं आणि सुमती ताठ झाली.

"मी लपवणार नाही. डाग असताना देवाचं पाणी भरू? स्वयंपाकाला शिवू? आईंनी विचारलं तर मी खोटं सांगू? त्यापेक्षा श्रीवर्धनला जाईन."

"मंग सांग," गोदूबाई म्हणाल्या. "जोरात सांग."

दुसऱ्या दिवशी त्या सरळ पुढच्या दारानं आमच्याकडे आल्या आणि आईसमोर बसल्या. आईनं त्यांना पाट दिला, पण पाट देताना नजर अशी की पाट नंतर धुवावा लागेल. बाईंना ती नजर कळली. त्यांनी ती कामाला लावली.

"तुमच्या सुनंचा हा दुसरा डाग वाईट. मी म्हनते, त्यो घरात पडतोच कशाला? मोजून दोन दिस आदीच तिला बाहेर काढा. माज्या क्वार्टरला ऱ्हाऊ दे पाच-सहा दिस. मला नायतरी बाळंतपनांना गावोगाव जावं लागतं. घरात इटाळ न्हाय, काय न्हाय. औषध पन तिथंच चालू करते."

आईला हे फारच पटलं. पाच वर्षांत कुणी तिच्या सोवळ्याचा असा विचार केला नव्हता. औषध म्हणजे मी, हे बाईंनी तिला सांगितलं नाही.

अशा रीतीनं मार्गशीर्षाच्या पौर्णिमेआधी, मोजलेल्या दिवशी, सुमती वळकटी घेऊन क्वार्टरवर गेली. बाई खाडीपलीकडे कोर्लईला गेल्या. जाताना चावी माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "पुस्तक आनू नका." संध्याकाळी दिवेलागणीला मी छत्री घेऊन घरातून निघालो.

"कुठं रे?" आई.

"दवाखान्यात. काम आहे."

"आभाळ निरभ्र आहे. छत्री कशाला?"

छत्री कशाला, ते मलाही माहीत नव्हतं. आपल्याच बायकोकडे चोरासारखं जायची सवय नव्हती, म्हणून हाताला काहीतरी हवं होतं. आई माझ्याकडे बघत राहिली. तिला तेव्हाच कळलं असावं, असा मला आजवर संशय आहे.

तिसऱ्या दिवशी डाग दिसला. मी दारातच थांबलो. पाच वर्षांची सवय पायांत होती. सुमती विचार करत बसली, मग म्हणाली, "आईंच्या देवाला मी शिवले नाही. तुम्ही काही देव नव्हे. या आत."

मार्गशीर्षाच्या अमावास्येला पाळी आली. पौषाच्या अमावास्येला पुन्हा आली. मी गोदूबाईंवर संशय घ्यायला लागलो, सुमती स्वतःवर, आणि आई आम्हा सगळ्यांवर. "औषध काही लागू पडत नाही वाटतं," ती माझ्याकडे रोखून बघत म्हणे. माघाच्या पौर्णिमेला सुमती तिसऱ्यांदा क्वार्टरवर गेली. आईनं तोवर तिची ट्रंक माळ्यावरून खाली काढून पुसून ठेवली होती.

माघाची अमावास्या आली आणि गेली. काही झालं नाही. आठ दिवसांनी मी धावत दवाखान्यात गेलो.

"बाई! राहिलं!"

"कुणी बगितलं?"

"अहो, आठ दिवस उलटले!"

"आठ दिस काय, काळजीनं पन उलटतात."

होळी पेटली. दुसऱ्या दिवशी श्रीवर्धनहून सुमतीचा भाऊ दारात उभा. आईनं त्याला पत्र घातलं होतं. बिचारा खाली मान घालून चहा प्यायला आणि ट्रंकेला दोरी बांधू लागला. मी पुन्हा दवाखान्याकडे पळालो. नुसतं दोन ओळी लिहून द्या, म्हणून अक्षरशः हात जोडले.

"जे मला ठाव न्हाय ते मी लिवनार न्हाय," त्या म्हणाल्या. पण चपला घातल्या.

आमच्या अंगणात येऊन त्यांनी त्या भावाच्या हातातली दोरी काढून घेतली. आईला म्हणाल्या, "पोट हाय का न्हाय, आज मी सांगत न्हाय. पाडव्याला सांगते. तवर हिला गाडीत घालून हादरवायचं न्हाय. काय झालं तर मी सगळ्या गावात सांगीन, नातू हुता नि आजीनं गाडीत घातला." आई थक्क होऊन खाली बसली. भाऊ एकटाच परत गेला.

पंधरा दिवस ती ट्रंक तशीच ओटीवर पडून राहिली. पाडव्याला, गुढी उभारून झाल्यावर, गोदूबाई आल्या. सुमतीला आत घेऊन दार लावलं. मी आणि आई ओटीवर, एकमेकांकडे न बघता. बऱ्याच वेळानं पाण्याचा आवाज आला. त्या हात धूत होत्या. बाहेर आल्या, पदराला हात पुसले.

"हिला आता कुठं पाठवू नका," एवढंच म्हणाल्या.

कार्तिकात मुलगी झाली. आई नातीला मांडीवर घेऊन बसली असताना तिनं बाईंना विचारलं, "औषध कुठलं हो ते?"

"तुमच्याच घरातलं," बाई म्हणाल्या.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग छत्रीकडे पाहिलं. मग नातीचं दुपटं नीट करत बसली. त्यानंतर सुमती कधी पौर्णिमेला पडवीत बसली नाही, आणि आईनं का, असं विचारलं नाही.

मी बाईंचे आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, "माज्यामुळं झालं हे कशावरनं? चौथ्या महिन्यात आपसूक बी झालं असतं. दार उघडून ठेवायचं आपन. येनारं येतं, न्हायतर न्हाय येत. तीन घरांत मी हेच केलं. दोन घरांत काय उपयोग झाला न्हाय." ती दोन घरं कुठली, ते त्यांनी सांगितलं नाही.

पुढं चार-पाच वर्षांनी त्यांची बदली खाडीपलीकडे झाली. निरोप देऊ देतील असा स्वभाव नव्हता. मी मुलीला घेऊन धक्क्यावर पोचलो तेव्हा त्या तरीत, खाडी ओलांडणाऱ्या होडीत, चढलेल्याही होत्या. मुलीनं हात हलवला. बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ओरडून विचारलं, "जंताचं औषध कवा दिलंत?" मी म्हणालो, गेल्या महिन्यात. त्यांनी मान अशी हलवली की जणू ते औषध मीच प्यालो होतो.

होडी सुटली. पुढच्या टोकाला एक नवी नवरी एकटीच बसली होती, गुडघे जवळ घेऊन. बाकीच्या बायका विटाळ लागू नये म्हणून पदर सावरून तिच्यापासून लांब सरकलेल्या. गोदूबाईंनी आपलं बोचकं उचललं, डुलत डुलत त्या टोकाशी गेल्या आणि तिच्या अगदी अंगाला अंग लावून बसल्या. पोरगी दचकून मागे सरकू लागली. मागे जागा नव्हती. काय बोलणं झालं, ते धक्क्यावरून ऐकू येणं शक्य नव्हतं. थोड्या वेळानं पोरीनं एक हात वर केला आणि बोटं एकेक करून उघडली. बाईंनी त्यांतलं एक बोट मिटवलं, आणि तिला पहिल्यापासून मोजायला लावलं.